चार चालींचे व्याही

आमच्या गल्लीतला कवळीवाला फार साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असं लोक म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी त्याला कधी दुखावलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी त्याच्या खोलीत रोज तासभर बसतो, चहा पितो आणि बातम्या गोळा करतो, त्यामुळे मला आतली माहिती आहे.

दातांचे डॉक्टर त्याच्याकडे जबड्यांचे साचे पाठवतात आणि तो त्यावर कवळ्या बनवतो. माणसाचा चेहरा तो बघत नाही, जबडा बघतो. तेवढ्यावर त्याला पुष्कळ कळतं. पलीकडच्या इमारतीतल्या मास्तरीणबाई झोपेत करकरा दात खातात, हे त्यांच्या नवऱ्याच्या आधी मला कळलं ते असंच. कवळी जुळवताना तो दोन जबड्यांच्या मध्ये एक पातळ निळा कागद धरतो, दात मिटवतो, उघडतो आणि जिथे निळा डाग उमटेल तिथे किंचित घासतो. पुन्हा कागद, पुन्हा डाग, पुन्हा घासणं. एका दाढेशी अख्खी दुपार घालवेल, पण घाई म्हणून करणार नाही. राग आला तरी त्याची तीच पद्धत. आरडाओरडा नाही, भांडण नाही. रोज थोडं थोडं घासत बसायचं, धार येईपर्यंत.

आणि त्याला राग आला होता तो त्याच्या व्याह्याचा.

व्याह्याचं टाइल्सचं दुकान. घरात पाऊल ठेवलं की आपण घरात आलो की स्वच्छतागृहात, असा प्रश्न पडतो. भिंती चकचकीत, जिने चकचकीत, विहीणबाईसुद्धा चकचकीत. दिवाणखान्याच्या मधोमध एक टेबल आणि त्यावर काळ्यापांढऱ्या टाइल्स बसवून केलेला बुद्धिबळाचा पट. लग्नाची बोलणी करायला आम्ही पाचसहा जण गेलो होतो. सरबत झालं, तारखा झाल्या आणि व्याह्यांनी टेबलाकडे बोट केलं.

"खेळता का व्याही?"

"कुठली सोंगटी कशी चालते एवढं ठाऊक आहे."

"मग झालं तर! बसा, बसा. नातं जुळतंय, डावही जुळवू."

पांढऱ्या सोंगट्या व्याह्यांनी घेतल्या. आधी राजासमोरचं प्यादं पुढे, लगेच वजीर पार पटाच्या कडेला, मग उंट. आता ज्यांना हा खेळ येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राजाशेजारी जो उंट उभा असतो, त्याच्या पुढचं प्यादं सगळ्यात बिचारं. बाकीच्यांची काळजी घ्यायला कुणी ना कुणी असतं, याला एकट्या राजाखेरीज वाली नाही. व्याह्यांचा वजीर आणि उंट दोघंही त्याच्यावर डोळा ठेवून बसले. आमच्या कवळीवाल्याला हे कुठून दिसणार? त्याला समोर फक्त वजीर दिसला. त्यानं मोठ्या ऐटीत आपला घोडा वजिरावर नेला आणि माझ्याकडे वळून डोळा मारला. मीही मारला. पुढच्या क्षणी व्याह्यांच्या वजिरानं ते प्यादं उचललं आणि राजाला हलायला जागा उरली नाही. चार चालींत मात.

व्याही मागे रेलून हसले. "अहो, मुलगी द्यायला आलात, राजाही देऊन चाललात!"

सगळं घर हसलं. कवळीवालाही हसला, पण त्याची मुलगी हसली नाही. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढते. माणसाचं आत काय मोडलंय ते बघायची तिला सवय आहे.

बरं, एकदा हसून विसरतील ते व्याही कसले? लग्न झालं आणि घरात दूध उतू गेलं तर "चार चालींत गेलं!" सुनेला दवाखान्यातून यायला उशीर झाला तर "घराणंच तसं, पुढचं दिसत नाही." पाहुणे आले की ओळख करून द्यायची ती अशी: "ही आमची सून. हिचे वडील म्हणजे आमचे चार चालींचे व्याही." एकदा कवळीवाला मुलीला भेटायला गेला, तर दारातच व्याही म्हणाले, "या या, राजा सांभाळून आत या."

त्या रविवारी मुलगी बापाकडे आली. मी होतोच. पर्स खुर्चीवर आपटली आणि म्हणाली, "बाबा, मला काही बोलले तर मी ऐकून सोडून देते. पण तुमच्यावर हसतात आणि मी तिथे हातात भांडं घेऊन वाढत उभी असते. मला घास उतरत नाही त्या घरात. एक तर त्यांचं तोंड बंद करा, नाहीतर मी एक दिवस ते टेबल पायावर पाडीन. त्यांच्या पायावर."

कवळीवाला साच्यावरून नजर न उचलता म्हणाला, "टेबल जड आहे. एकटीला उचलणार नाही."

"मग?"

"मग खेळायला शिकू."

पण नुसतं शिकून भागणार नव्हतं. व्याह्यांची एक खोड होती. ते कुणाशीही एकदाच खेळत. फ्रीज दुरुस्त करायला आलेला, विमा विकायला आलेला, मुलाचा नवा साहेब, कुणीही नवा गडी सापडला की त्याला टेबलाशी बसवायचं, वजीर काढायचा, चार चालींत उडवायचं आणि जन्मभर त्याला ऐकवायचं. पुन्हा डाव मागितला की उत्तर ठरलेलं: "हरलेल्याशी मी खेळत नाही हो, वेळ जातो." तो एक हल्ला सोडला तर या गृहस्थांना काय येतं, हे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

बापलेकीची शाळा सुरू झाली. आधी लेक शिकली, दवाखान्यात दोन पेशंटच्या मधल्या वेळात, मोबाईलवर. मग रविवारी येऊन बापाला शिकवायची. पट म्हणून त्यांनी कामाच्या फळीवर पेन्सिलीनं घरं आखली. सोंगट्यांचा डबा विकत आणायला कवळीवाला तयार नाही. "घरात एवढे दात असताना?" दाढा म्हणजे हत्ती, सुळे म्हणजे उंट, पुढचे दात म्हणजे प्यादी. घोडा म्हणून वाकडे निघालेले, टाकून दिलेले दात. मी म्हटलं, "हा खेळ की दंगल?" तर दोघांनीही मला गप्प बसवलं.

लेक व्याही व्हायची आणि वजीर बाहेर काढायची. कवळीवाला चाल करण्याआधी फळीवर वाकून बघायचा, कुठे टोचतंय. निळ्या कागदाचीच नजर ती. "इथे टोचतंय," म्हणायचा आणि नेमकं ते एकलकोंडं प्यादं दाखवायचा. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की हा हल्ला म्हणजे नुसती धमकी आहे. वजीर एकटाच उंडारतो, बाकीचं सैन्य घरी झोपलेलं असतं. त्याला मारायचीही गरज नाही. एकेक सोंगटी अशी काढायची की ती आपल्या कामालाही लागेल आणि वजिराला हुसकूनही लावेल. तो पळत राहतो, आपली फौज सजत राहते.

"पळवायचा," कवळीवाला म्हणाला. त्याच्या तोंडात तो शब्द असा घोळला की माझ्या अंगावर काटा आला. छान वाटला, खोटं कशाला बोलू?

संधी आली व्याह्यांच्या वाढदिवसाला. जेवायला दुकानदार मंडळी, कंत्राटदार, नातेवाईक, झाडून सगळे. मला कवळीवाल्यानं मुद्दाम बरोबर नेलं. जेवणाआधी गप्पा रंगल्या आणि ओळखी सुरू झाल्या. "हे आमचे चार चालींचे..." एवढं व्याही म्हणतात तोच कवळीवाला चेहरा पाडून म्हणाला,

"व्याही, एक विनंती आहे. तो डाव मला अजून समजला नाही हो. इतक्या लोकांत विचारायला लाज वाटते. पुन्हा एकदा दाखवाल?"

व्याही अडले. हरलेल्याशी खेळायचं नाही हा नियम, पण समोर केवढी मंडळी, आणि त्यातले निम्मे तरी त्यांच्या त्याच डावात गारद झालेले. एक कंत्राटदार म्हणाला, "दाखवा ना शेठ, आम्हीही बघतो आमचं कसं झालं ते!" झालं. शेठ बसले.

प्यादं. वजीर कडेला. कवळीवाल्यानं आधी घोडा काढून मधलं प्यादं राखलं. व्याह्यांनी उंट काढला. मंडळी खाली वाकली. आणि आमच्या या दुष्टानं काय करावं? हात दुसऱ्या घोड्याकडे नेला, त्याच जुन्या घोड्याकडे, आणि तसाच वर धरून ठेवला. व्याह्यांच्या ओठांवर हसू आलं. बोटं घोड्याच्या कानापर्यंत गेली. मग हात मागे आला आणि एक साधं प्यादं एक घर पुढे सरकलं. वजिराच्या अंगावर.

"अरेच्चा," व्याही म्हणाले.

वजीर मागे आला, पण डोळा त्याच बिचाऱ्या प्याद्यावर. आता दुसरा घोडा निघाला आणि मध्ये उभा राहिला. व्याही चिडले, एक प्यादं दोन घरं दामटलं. पहिल्या घोड्यानं मधोमध उडी मारली, पुन्हा वजिरावर. आणि वजीर गेला, मंडळी, मुकाट्यानं आपल्या मूळ घरी जाऊन बसला.

"फिरून आला का?" कवळीवाल्यानं मायेनं विचारलं. "पाय दुखले असतील."

पुढचं काय सांगावं! व्याह्यांना त्यापुढचा खेळ येतच नव्हता. आजवर त्यांचा कुठलाही डाव तिथवर पोचलाच नव्हता. एक घोडा गेला, एक हत्ती गेला. मग तो लाडका वजीर गेला. व्याह्यांनी घड्याळाकडे बघितलं. "चला, सोडतो मी डाव. जेवणं निवतील."

"छे छे! वाढदिवसाला अर्ध्यावर उठायचं? जेवण पुन्हा गरम होतं."

"अहो, पण तुम्ही जिंकलातच की."

"मला कुठे कळतंय? मी शिकतोय."

मात द्यायची संधी त्याला दोनदा तरी होती. माझ्यासारख्यालाही ती दिसली. त्यानं दिली नाही. तो एकेक प्यादं टिपत होता आणि मेलेल्या सोंगट्या व्याह्यांच्या बाजूला ओळीनं उभ्या करत होता, कवळीतले दात मांडावेत तशा नीट. मग त्यानं आपलं एक प्यादं पलीकडच्या टोकाला नेऊन दुसरा वजीर केला. वजिराची सोंगटी एकच, म्हणून हत्ती उलटा ठेवला. मग तिसरा वजीर. त्यासाठी सरबताच्या बाटलीचं झाकण. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. जावई होता तो. बापाकडे बघून हसायची त्याची ती पहिलीच वेळ असावी.

व्याह्यांचा एकटा राजा कोपऱ्यात. कवळीवाल्यानं झाकण उचललं, एक घर पुढे ठेवलं आणि हात तिथेच गोठला.

त्याच्या मानेची शीर ताठलेली मला दिसली. मी पटाकडे नीट बघितलं. राजाला शह नव्हता. पण राजाला हलायला एकही घर नव्हतं, आणि व्याह्यांकडे हलवायला दुसरं काही उरलेलं नव्हतं, कारण या हावऱ्यानं सगळं खाऊन टाकलं होतं. खेळाचा कायदा असा, की राजावर शह नाही आणि चालही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. एवढा छळ, आणि शेवटी बरोबरी!

व्याह्यांनी राजाला बोट लावलं. या घरात बघितलं, मारला जातो. त्या घरात बघितलं, मारला जातो. दारात सून पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिनं पट बघितला आणि मग बापाकडे बघितलं. तिला कळलं होतं. बापानं पापणीसुद्धा हलवली नाही.

"संपलं," व्याही म्हणाले आणि त्यांनी राजा आडवा केला. "हरलो."

कंत्राटदार वाकून म्हणाला, "पण शेठ, शह तर..."

"पप्पा, उठा बरं, टेबल हवंय मला," सून म्हणाली. जग तिनं पटाच्या मधोमध ठेवला, दुसऱ्या हातानं सगळ्या सोंगट्या, उलटा हत्ती, बाटलीचं झाकण, सगळं एका झपाट्यात डब्यात लोटलं आणि वर फडकं फिरवलं. टाइल्सचा पट, पुसायला किती सोपा! "काका, तुम्हीही बसून घ्या. वाढते." कंत्राटदार बसला. त्याच्या पानात तिनं त्या दिवशी सगळ्यात जास्त वाढलं, ते मी बघितलं.

परत येताना मी रस्ताभर तो डाव मनात मांडत होतो. शेवटी राहवेना. "खरं सांग, ती बरोबरी होती ना?"

"होती."

"मग?"

"मग काय? मी जिंकलो असं म्हणालो का? तोच 'हरलो' म्हणाला. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मी कसा मोडू?" एवढं म्हणून हा साधा माणूस रस्त्यात थांबून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

त्या घरात आता चार चाली हा शब्द कुणी काढत नाही. दूध उतू गेलं तर नुसतं दूध उतू जातं. टेबल आहे तिथेच आहे, पण नव्या पाहुण्याला कुणी तिथे बसवत नाही. व्याह्यांनी म्हणे एक दिवस सुनेलाच बोलावलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्या बाबांनी तुला काही शिकवलंय का? मला दाखव ना जरा. कुणाला सांगू नकोस."

आता रोज संध्याकाळी ती सासऱ्यांना शिकवते. वजीर आवरून कसा ठेवायचा, घोडे आधी कसे काढायचे, राजाला किल्ल्यात कसं न्यायचं, सगळं मन लावून शिकवते. सासरे शिष्यासारखे ऐकतात. शह नाही आणि चालही नाही तेव्हा काय होतं, तो एक नियम मात्र तिनं अजून सांगितलेला नाही. मी परवा तिला विचारलं, "कधी सांगणार?"

"काका," ती म्हणाली, "त्यांची प्रगती जरा हळू आहे."