फोटोआधीचा भांग

दवाखान्यात माझ्या भावाच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं तोंड त्याची बायको ओल्या फडक्याने पुसत होती. मग तिने त्याचा भांग पाडला, शर्टाची वरची गुंडी लावली. विम्याच्या मंजुरीसाठी त्याचा फोटो पाठवायचा होता.

दुपारी विम्याच्या खिडकीवरची मुलगी येऊन म्हणाली, "मावशी, मंजुरी नाही आली. फोटोत पेशंट बरा दिसतोय म्हणतात. दुसरा काढू या."

दारात कुणी आलं की आपण दुखणं गिळून "बरंय" म्हणतो. फोटोला नीटनेटकं बसायचं, हे तर लहानपणीच अंगवळणी पडलेलं. आणि इथे रिपोर्टांची एवढी जाडजूड फाईल असताना, कधी न पाहिलेल्या कुणाला तरी पटेल इतकं आजारी दिसायचं! ते किती, हे कुणी सांगत नाही.

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. गुंडी काढली. मघाशी भांग पाडलेल्या हातानेच त्याचे केस विस्कटले.

"हसू नका हं," ती त्याला म्हणाली.

पुढचा फोटो माझ्या भावाचा होता. त्याच्या उशाशी ठेवलेला कंगवा मी पिशवीत टाकला.