मातीसकट वजन

बॉनेटवर फाडकन तळहात मारायचा आणि ओरडायचं, "वजन बोला, वजन! इंजिनाचं मी बघतो." चाचांची आठवण आली की आधी तो आवाज येतो. कन्नडच्या एसटी स्टँडमागच्या बोळात त्यांचं गॅरेज होतं; तिथून तुम्ही कधी गेला असाल तर तुम्हीही तो ऐकला असेल. लांबून वाटायचं, भांडण चाललंय. जवळ गेल्यावर कळायचं, सल्ला चाललाय.

चाचा कायम चिडलेले असत. चहा गार आला म्हणून, पाना जागेवर नाही म्हणून, ऊन फार म्हणून. पण त्यांचा खरा राग दोघांवरच होता. एक, रिकामी गाडी सपाट रस्त्यावर पळवून दाखवणारे शोरूमवाले. "खाली गाडी तर माझी बकरी बी वढंल!" आणि दुसरे, वजन खोटं सांगणारे गिऱ्हाईक. त्यांच्याविषयी चाचा जे बोलत ते इथं लिहिता येत नाही. बायको हे वाचणार आहे.

आमच्या भागात कुणाला पिकअप घ्यायची असली की तो आधी चाचांकडे जायचा, मग शोरूममध्ये. सल्ल्याचा एक रुपया ते घेत नसत. फक्त पुढं कुणी विचारलं तर "चाचांनी सांगितली ही गाडी" एवढं म्हणायचं. त्यांची सगळी मिळकत ती. हे मला तेव्हा कळलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं मला बऱ्याच गोष्टी उशिरा कळतात.

माझं घर शहरात, पुंडलिकनगरला, शेत कन्नडजवळ. शेत धाकटा भाऊ बघतो आणि मी रविवारी जाऊन सूचना करतो. दोन एकरांत आल्याचं पीक असतं. जुनी पिकअप दमली, तेव्हा नवी घ्यायचं ठरलं आणि कोणती घ्यायची हे ठरवायची जबाबदारी मी कुणी न देताच घेतली. पंधरा दिवस इंटरनेटवर बसलो. लेकीच्या वहीच्या मागच्या पानांवर तक्ता आखला. दीड लिटरचं डिझेल इंजिन, अडीच लिटरचं डिझेल इंजिन आणि सीएनजी. पुढं हॉर्सपॉवर, टॉर्क, मायलेज. लाल पेनानं रेघा मारल्या. बायको म्हणाली, "आपल्या लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली असतीत तर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. केलं नाही तेच बरं.

तो तक्ता घेऊन आम्ही दोघं भाऊ चाचांकडे गेलो. त्यांनी वही हातात घेतली, लांब धरून बघितली आणि तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"मास्तर, हे टॉर्क लिवलाय तुमी. हा जोर किती फेऱ्यांवर मिळतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पोरांना काय शिकवता? चढावर भरलेली गाडी थांबली. आता उचलायचीय. इंजिन किती फिरतंय तेव्हा? हळू. मग मला हळू फिरताना जोर पाहिजे. वरचा जोर घेऊन काय लग्नात नाचू?"

मी म्हटलं, सीएनजी स्वस्त पडेल.

"हौ. टाकीचं वजन तुमीच वाहणार, आन गॅस भरायला गाडी शहरात नेणार. आल्याला काय वाटेतली लेणी दाखवायचीत?"

"मग अडीच लिटरचं मोठं इंजिन घेऊ?"

तेव्हा त्यांनी बॉनेटवर हात मारला. गाडी दुसऱ्याच कुणाची तरी होती. "वजन बोला!"

मी खिशातून वजनकाट्याची पावती काढली. मागच्या हंगामातल्या एका खेपेची होती ती. दीड टन. चाचांनी पावती बघितली, माझ्याकडं बघितलं. "पक्कं ना, मास्तर? सच्ची बोला."

"पक्कं. लेखी आहे."

शेजारी धाकटा भाऊ स्वतःच्या चपलांकडं बघत होता.

इथं थांबून मला सांगितलं पाहिजे. ती पावती धुतलेल्या आल्याची होती, आणि तीही बेतानं भरलेल्या खेपेची. आलं रानातून निघतं तेव्हा त्याच्या प्रत्येक बोटात काळी माती अडकलेली असते, आणि जमीन ओली असली तर ती चिखलासारखी लिंपलेली असते. रानातून गाडी भरून आम्ही धुवायच्या हौदावर नेतो. तिथं माती जाते, मग काटा होतो. आमच्याकडं सगळेच वजन सांगतात ते धुतल्यानंतरचं, कारण भाव त्यालाच मिळतो. माती कुणी मोजत नाही. ती तर आपलीच असते. पण चढ चढताना गाडीत ती असते. शिवाय हौदावर जायची एक फेरी वाचावी म्हणून आम्ही वरून दहाबारा गोण्या जास्तच टाकतो. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आठवीला वस्तुमानाचा धडा मीच शिकवतो. पण मला मायलेजवाली गाडी हवी होती, आणि तक्त्यात ती माझ्या लाल पेनानं पहिली आली होती.

"दीड टनाला दीड लिटर बास," चाचा म्हणाले. "पण माझ्या डोळ्यांदेखत उचलली पाहिजे."

शोरूमचा पोरगेला सेल्समन ट्रायलची गाडी घेऊन आमच्या शेतावर आला, तेव्हा त्याला वाटलं होतं, जेवायला बोलावलंय. पाझर तलावाखालून डांबरीला लागायला आमचा एक चढ आहे, बैलसुद्धा तिथं मान खाली घालतात. चाचांनी मोजून दीड टन मक्याच्या गोण्या त्या चकचकीत गाडीत भरायला लावल्या. सेल्समन म्हणत राहिला, "काका, ट्रायलला लोड अलाऊड नाही." चाचा म्हणाले, "मग तू बस मागं, तू तरी वजन आहेस का बघू." चढाच्या ऐन मध्यावर त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, चाकाखाली धोंडा लावायला मला उतरवलं. मग चालू करून, धोंडा काढायला लावून, पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलली. एक वीतही मागं आली नाही. ते खिडकीतून बाहेर बघून हसले. चाचांना हसताना मी बघितलं ते तेवढंच.

गाडी घेतली. पेढे वाटले. मी पोरांना वर्गात टॉर्क समजावून सांगितला.

आल्याची काढणी सुरू झाली तेव्हा जमीन ओली होती. पहिल्याच मोठ्या खेपेला भावानं नेहमीसारखी गाडी भरली, नेहमीसारख्या वर दहाबारा गोण्या टाकल्या आणि गोण्यांवर भावजय बसली. चढाच्या मध्यावर समोरून बैलगाडी आली म्हणून थांबावं लागलं. त्यानंतर गाडी उचललीच नाही. क्लचचा जळका वास आला आणि गाडी मागं घरंगळायला लागली. भावजयीनं उडी टाकली, तिचं मनगट मोडलं. गाडी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला टेकून थांबली. खोली नसती तर खाली विहीर होती.

मी पोचलो तोवर अर्धं गाव जमलं होतं. कुणीतरी विचारलं, "सर, एवढं हलकं इंजिन घ्यायला सांगितलं कुणी?"

तुम्ही तिथं असतात तर काय बोलला असतात, मला माहीत नाही. मी काय बोललो ते सांगतो. मी म्हणालो, "चाचांनी सांगितलं."

तीन दिवसांत ही गोष्ट कन्नडच्या बाजारापर्यंत गेली. चाचांनी सांगितलेली गाडी विहिरीत पडता पडता राहिली. दोन जणांनी ठरवलेल्या गाड्या बदलल्या.

रविवारी चाचा आमच्या पुंडलिकनगरच्या घरी आले. पहिल्यांदाच. अंगात धुतलेला पांढरा सदरा होता. मी दार उघडलं आणि मनातल्या मनात शिव्या खायला तयार झालो. शिव्या आल्या नाहीत. बायकोनं चहा टाकते म्हटलं, तर म्हणाले, "नक्को बेटा, पाणी दे." पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. आमच्याच गोण्या, त्याच, न धुता, त्यांनी भावाकडून ट्रॅक्टरवर भरून घेऊन काट्यावर नेल्या होत्या. अडीच टन.

बायकोसमोर ते काही बोलले नाहीत. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा बोलले. आवाज अगदी हळू होता, आणि तो हळू आवाज मला अजून सहन होत नाही.

"मास्तर, बाईचा हात मोडला. ते माझ्या नावावर गेलं. तुमी गावात बोलले ना? आता गावातच बोला. मी वाट बघतो."

साधं काम होतं. चहाच्या टपरीवर उभं राहून एक वाक्य बोलायचं, वजन मी खोटं सांगितलं होतं. मी ते बोललो नाही. एका रविवारी पेपर तपासायचे होते. एका रविवारी पाहुणे होते. मग मी एसटीतून स्टँडच्या अलीकडंच उतरायला लागलो आणि ऊन सोसत शेतापर्यंत चालत जायला लागलो. बायकोला सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

भाऊ म्हणाला, "दादा, चाचा आता इंजिनाचं कुणाला काय सांगत नाहीत. पंक्चर काढतात, ऑइल बदलतात. कुणी विचारलं तर म्हणतात, मोबाइलला विचारा." मी म्हटलं, "वय झालं असेल." भाऊ माझ्याकडं बघत राहिला. चपलांकडं नाही, माझ्याकडं.

मग चाचा गॅरेज बंद करून जालन्याला लेकीकडं गेले. तिथंच वारले. मला कळलं तेव्हा दफन होऊन आठवडा झाला होता.

मला स्वतःचा राग आला, हे लिहिणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला चाचांचाही राग आला. जगातल्या कुणावरही ओरडणाऱ्या माणसानं माझ्यावर का ओरडू नये? भर बाजारात माझ्या शर्टाला धरून "वजन बोला" म्हणाले असते, तर मी बोललो असतो. वाट कसली बघायची? माझ्यासारख्या माणसाची वाट बघतात का?

त्या रविवारी मी टपरीवर गेलो आणि ते वाक्य बोललो. मोठ्यानं. मग एकजण म्हणाला, "जाऊ द्या हो सर, म्हातारं गेलं बिचारं. वजन तर सगळेच तसंच सांगतात." आणि मला चहा पाजला त्यांनी. साखर जास्त घालून.

गेल्या महिन्यात आम्ही मोठी गाडी घ्यायला गेलो. शोरूममध्ये एसी, पाण्याच्या बाटल्या, गाडीला फुगे. सेल्समन नवा होता. त्यानं स्क्रीन दाखवली, मागचा कॅमेरा दाखवला, मोबाइल चार्ज करायची जागा दाखवली. अर्धा तास झाला. वजनाचं त्यानं विचारलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "अडीच टन. मातीसकट."

"सर, आपण फॉर्मवर दीडच टाकू. सगळे दीडच टाकतात."

माझा हात कधी उचलला गेला, मला कळलं नाही. बॉनेटवर फाडकन आवाज झाला. सगळं शोरूम वळून बघायला लागलं. एक फुगा सुटला.

"वजन लिहा," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं. तळहात घरी पोचेपर्यंत झोंबत होता.