घाडींचा डावा पाय

फुलपाड्यात चंद्रहास घाडींचं गॅरेज शोधायला पत्ता लागत नाही. रिक्षावाल्याला "डाव्या पायाचे घाडी" एवढं सांगितलं की तो दारात नेऊन सोडतो. माणूस चांगला धडधाकट आहे, लंगडत वगैरे नाही. हे नाव पडलं ते त्यांच्या ट्रायलमुळे.

क्लचचं काम संपलं की घाडी दारातल्या बादलीतून तांब्याभर पाणी घेणार, डावी चप्पल काढणार आणि फक्त डावा पाय घोट्यापर्यंत स्वच्छ धुणार. मग तो अनवाणी पाय क्लचवर ठेवून गाडी एकटेच बाहेर काढणार. शेजारी कोणी बसायचं नाही, रेडिओ लावायचा नाही. पापडखिंडीच्या धरणाकडे जाताना जो चढ लागतो, तिथे गाडी तीनदा थांबवायची, थांबल्या जागेवरून तीनदा उचलायची, परत यायचं आणि खाली उतरून एकच शब्द बोलायचा: "झाली." त्यानंतर गिऱ्हाइकाने काही विचारायचं नसतं. तीस वर्षांत कोणी विचारलंही नव्हतं, कारण घाडींनी "झाली" म्हटलेली एकही गाडी त्याच कामासाठी परत आलेली नव्हती. हे ते स्वतःच सांगत, आणि कोणी न विचारता सांगत.

"डोळे फसवतात, कान म्हातारे होतात," असं त्यांचं म्हणणं. "पाय खोटं बोलत नाही. बूट घालून क्लच कळत नसतो, बूट घालून फक्त ऑफिसला जाता येतं."

विनयावहिनी, म्हणजे त्यांच्या बायको, यावर हसत. एक पाय धुणारा आणि दुसरा तसाच घेऊन घरात शिरणारा नवरा आपल्यालाच मिळाला, असं त्या बिल्डिंगभर सांगत. घाडींना त्याचाही अभिमान वाटे.

मीरा जगताप ही त्यांची जुनी गिऱ्हाईक. मूळची साताऱ्याकडची, राहायला फुलपाड्यात, आणि कामाला कामणच्या एका गोदामात. कुठला ट्रक कधी भरायचा आणि कधी सोडायचा हे ती ठरवते, त्यामुळे पंचवीस-तीस ड्रायव्हरांना रोज गप्प करायची तिला सवय. तिची पांढरी डिझेल गाडी नऊ वर्षांची. वसई-भिवंडी रस्त्यावर ट्रकांच्या मागे रांगत रांगत रोज जायचं आणि रोज यायचं, म्हटल्यावर क्लच झिजणारच. एके दिवशी गाडीने चढावर नुसताच आवाज वाढवला, पुढे काही जाईना, आणि आत करपल्याचा वास सुटला. मीराने ती तशीच हळूहळू घाडींच्या दारात आणून लावली.

घाडींनी गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट झिजून पार कागद झाली होती. तिच्या मागे इंजिनाला बसवलेलं जे जड चाक असतं, ते फ्लायव्हील, त्याच्यावर तापून पडलेले दोन-तीन निळसर डाग होते.

"काका, हे पण बदलायचं का?" मीराने वाकून विचारलं.

"दिसायला डाग आहेत," घाडी त्यावर नख फिरवत म्हणाले. "पण पाय सांगेल. उगाच चांगला माल कशाला काढा, मीराताई?"

नवी क्लच प्लेट बसली, प्रेशर प्लेट बसली, बेअरिंग बसलं. जुनं फ्लायव्हील पॉलिश पेपरने घासून तसंच राहिलं. घाडींनी पाय धुतला, धरणाच्या चढावर जाऊन आले आणि म्हणाले, "झाली."

त्याच संध्याकाळी घरी ते पाय पसरून बसले तर विनयावहिनी ओरडल्याच. डाव्या पायाच्या वरच्या बाजूला रुपयाएवढा फोड आला होता, टम्म फुगलेला.

"अहो, हे कुठे भाजलं?"

घाडींनी वाकून पाहिलं. गाडीखाली असताना तापलेला सायलेन्सर लागला असणार. कधी लागला, ते काही आठवेना.

"माका काय लागला नाय गो," ते म्हणाले. घरात ते अजून मालवणीच बोलत. "कातडी जाड झाली हा माझी."

आठ वर्षांपासून साखर असलेल्या माणसाने हे हसून सांगावं, याचा विनयावहिनींना राग आला. त्यांनी मलम लावलं आणि डॉक्टरचा विषय काढला. घाडींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तीन आठवड्यांनी मीराची गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. ती उतरली ती तणतणत नव्हे, थोडी अवघडून.

"काका, गाडी उचलताना थरथरते."

"हाफ क्लचवर चालवता तुम्ही. त्या रोडला सगळेच तसं चालवतात."

"नाही चालवत."

"मग नवीन प्लेट आहे. बसायला वेळ लागतो तिला."

"तेच मी स्वतःला सांगत होते," मीरा म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माझ्या पायाला कळत होतं. पण तुम्ही 'झाली' म्हणाला होता ना! म्हटलं, तीस वर्षांचा पाय बरोबर असणार, आपलाच चुकतोय. काल कामणला चढावर गाडीने असा झटका मारला की पुढच्या ट्रकला टेकता टेकता राहिले. तुम्ही चला, मी चालवते. तुम्ही नुसते बसा."

आपल्याच ट्रायलला बाजूच्या सीटवर बसायची घाडींवर ही पहिलीच वेळ. रस्त्यावरचे दोघे-तिघे ओळखीचे वळून बघत होते, ते त्यांना दिसत होतं. त्यांनी मान ताठ ठेवली. बाईमाणसाला उगाच शंका येतात, आत्ता चढावर दाखवतो, असं त्यांनी मनात म्हणूनही टाकलं. पुढे ते पश्चात्तापाने हे आम्हा शेजाऱ्यांना सांगत, म्हणून लिहितोय.

चढावर मीराने गाडी थांबवली आणि उचलली. गाडी थरथरली. घाडींच्या पाठीला कळलं, मांडीला कळलं, समोर डॅशबोर्डवर ठेवलेली किल्ल्यांची जुडी वाजली.

"मी बघतो," ते म्हणाले.

जागा बदलल्या. पाणी नव्हतं म्हणून पाय धुवायचा राहिला, नुसती चप्पल काढली. क्लच दाबला, हळूच सोडला. गाडी निघाली. जुडी वाजली. गिअरच्या दांड्यावर ठेवलेल्या डाव्या तळहाताला थरथर स्वच्छ जाणवली. पायाला काहीच जाणवलं नाही.

त्यांनी पुन्हा थांबवून पुन्हा उचलली. हात सांगत होता, कान सांगत होते. पाय गप्प. पाय पॅडलवर टेकलाय हेसुद्धा खाली वाकून बघितल्यावर खात्रीने कळावं, अशी त्याची गत झाली होती. तिसऱ्यांदा गाडी उचलायचं त्यांना धाडस होईना. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

त्यांना तो फोड आठवला. मग एकामागून एक बरंच काही आठवलं: चप्पल पायातून निघून गेलेली दहा पावलांनंतर कळायची, नळाखाली पाय धरला तर पाणी गार की कोमट ते कळायचं नाही. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. तीस वर्षं ज्याच्या जिवावर बोललो, तोच गेला तर उद्यापासून आपण कोण? स्पॅनर फिरवणारे फुलपाड्यात पन्नास आहेत.

ट्रकवाल्यांना गप्प करणाऱ्या बाईला गप्प बसायचं कधी तेही कळत होतं.

"मीराताई," शेवटी घाडी म्हणाले, "तुमची गाडी बरोबर सांगत होती, तुम्हीही बरोबर सांगत होता. माझा पाय बहिरा झालाय. त्या दिवशीसुद्धा बहिराच होता. डाग डोळ्यांना दिसले होते, तरी मी ऐकलं नाही."

ते चालकाच्या सीटवरून उतरले आणि वळसा घालून बाजूला येऊन बसले. गाडी मीराने खाली आणली.

घरी गेल्यावर त्यांनी टीव्ही लावला नाही. खुर्चीत बसले, डावा पाय विनयावहिनींपुढे केला आणि डोळे मिटले. वहिनींनी झाडूची हिराची काडी काढली.

"इथे लागतंय?"

"नाय."

"इथे?"

"नाय."

अंगठा, बोटं, चवडा, सगळीकडे नाय. वहिनींचे डोळे भरून आले, पण काडी थांबली नाही.

"इथे?"

"हां! टाच! टाच शाबूत हा गो," घाडी एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्यांनी दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. साखर आवरा, रोज पाय तपासा, सध्या गाडी चालवू नका. अनवाणी फिरण्यावरही त्याने बोट ठेवलं. घाडींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हाताला काय होणार नाही ना?" हातांना अजून काही नाही, डॉक्टर म्हणाला. घाडी उठले ते तडक गॅरेजला. पायात विनयावहिनींनी बळेच घातलेले बूट होते.

गिअरबॉक्स पुन्हा उतरला. फ्लायव्हीलवरचे निळे डाग आता चांगलेच पसरले होते, आणि त्यांच्यावर घासून नवी प्लेटसुद्धा खराब झाली होती. घाडींनी दोन्ही काढून बाजूला ठेवलं. नवीन फ्लायव्हील आणलं, नवीन प्लेट आणली. या खेपेचा खर्च आपला, हे त्यांनी मीराला आधीच सांगून टाकलं होतं. फ्लायव्हीलचे बोल्ट त्यांनी समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळले, शेवटी टॉर्कचा पाना कट्ट करून 'आता बस' म्हणेपर्यंत. प्लेट मधोमध बसवली, बोटाने कडेची फट सगळीकडून चाचपली. त्या दिवशी त्यांचे हात बघण्यासारखे होते. घाई नाही, एक हालचाल वाया नाही. आपण कोण, हा कालचा प्रश्न त्या हातांना पडलेला नव्हता.

संध्याकाळी मीरा कामावरून रिक्षाने थेट गॅरेजला आली. घाडींनी बादलीतून तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.

"डावा पाय धुवा."

"मी?"

"मग कोण? पाय तुमचा चांगला आहे. मला न सांगता तीन आठवडे त्याला खोटं पाडत होता तुम्ही. आज त्याचं ऐकायचं."

मीराने सँडल काढली, पाय धुतला आणि स्टिअरिंगवर बसली. घाडी शेजारी बसले आणि रेडिओ बंद केला. काम झाल्यावरच्या ट्रायलला दोन माणसं जाताना फुलपाड्याने पहिल्यांदाच पाहिली.

चढावर तिने गाडी थांबवली.

"आता हळू सोडा," घाडी म्हणाले. "कुठे पकडतो ते सांगा. माझा हात दांड्यावर आहे, पण मी बोलणार नाही."

गाडी उचलली.

"अर्ध्याच्या जरा वर पकडतो," मीरा म्हणाली. "मऊ आहे."

दुसऱ्यांदा. "तसंच."

तिसऱ्यांदा तिने गाडी मुद्दाम अगदी सावकाश उचलली, जशी कामणच्या चढावर ट्रकमागे उचलावी लागते. डॅशबोर्डवरची जुडी हलली नाही. घाडींच्या तळहाताने केव्हाच सांगून टाकलं होतं, ओठांवर शब्दही आला होता. पण तो तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विचारून पाहिला.

"झाली?"

मीराने पाय क्लचवरून काढला, पुन्हा ठेवला, क्षणभर ऐकलं.

"झाली, काका," ती म्हणाली.