सुलाक्काचे नवे नवे कप

माझ्या मैत्रिणीला तिच्याच पोरानं मारलं.

आज वर्ष झालं. फिरवून लिहायला मला येत न्हाय. ज्याला वाचवत न्हाय त्यानं पुढं जावं.

सुलाक्का आमच्या वडगावातली, माझ्या समोरच्या दारात. तिच्या घरात दोन पॉवरलूम, माझ्या घरात दोन. नवरा जाऊन बारा वर्सं झालेली. पोरगा एकच, विनू. तिशीचा घोडा.

आम्हा नऊ बायकांचा मोबाईलवर चहाचा ग्रुप हुता. सकाळी पहिल्या चहाचा फोटो टाकायचा, आणि आज काय घातलं ते सांगायचं. एवढाच नियम.

कुणाचं आलं, कुणाचा गवती चहा. सणाला बशीत खव्याचा गोड कुंदा.

गुळाचा चहा करावा तर सुलाक्कानं. तिचं माहेर गुंजीचं, गूळ तिकडनं यायचा. माझं दूध दर वेळी फाटायचं.

ती व्हॉइस टाकायची, "अगं खाली उतरव, मग गूळ घाल. तुला दोन मिनिटं दम निघत न्हाय बघ."

न्हायच निघत.

तिच्या फोटोत लई बघण्यासारखा असायचा तो कप. दर आठ दिवसाला नवा. कधी फुलाफुलाचा, कधी निळ्या काठाचा.

मी चेष्टेनं लिहिलं हुतं, "आक्का, शोकेस केलीस काय गं? आमाला बी दे एक."

तिनं नुसतं हसणारं तोंड टाकलं.

रोज लाइक करायचो आम्ही. जुने कप कुठं जातात ते आमच्यातल्या एकीनं बी विचारलं न्हाय.

आमच्या गल्लीत दिवसभर माग खडखडत असतात. शेजारी माणूस मेलं तरी ऐकू येत न्हाय.

पण करंट गेला की सगळे माग एकदम थांबतात.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा. सकाळी दहाला करंट गेला. आणि सुलाक्काच्या घरातनं कप फुटल्याचा आवाज आला.

मग विनूचा.

"गार हाय. गार. किती वेळा सांगायचं तुला?"

मग गादी बडवल्यासारखा आवाज. एक, दोन, थांबेचना. ती ओरडत नव्हती.

सगळी गल्ली दारात आली. आणि दारातच उभी राहिली.

माझ्या हातात मागाचा लाकडी धोटा हुता. तसाच घेऊन आत गेले.

विनूनं तिचे केस धरलेले. तोंड मोरीच्या कट्ट्यावर दाबलेलं. गालात कपाचा तुकडा घुसलेला.

मी धोटा त्याच्या खांद्यात हाणला. परत हाणला. तिसऱ्यांदा मनगटावर बसला, हाड वाजलं. धोट्याच्या टोकाला लोखंड असतंय.

तो खाली बसला. "आई गं" म्हणून रडायला लागला.

आणि सुलाक्का ते रक्तानं भरलेलं तोंड घेऊन माझ्याच अंगावर आली.

"माझ्या लेकराचा हात मोडलीस? कोण गं तू?"

"आक्का, तो तुला जिवं मारंल."

"माझा हाय तो. मारंल न्हायतर ठेवंल. तू नीघ माझ्या घरातनं."

मी म्हणाले, "मग मर त्याच्या हातनं."

हे आमचं शेवटचं बोलणं.

करंट आला. माग चालू झाले. सगळे आत गेले.

तिनं ग्रुप सोडला. मी समोरच्या दाराकडं बघायचं सोडलं. राग धरला मी. तिच्यावर, त्याच्यावर न्हाय.

दीड महिन्यानं त्यानं तिला ढकललं. डोकं दगडावर आपटलं. तीन दिवस दवाखान्यात हुती. पोलीस विचारायला गेले तर म्हणाली, "पाय घसरला."

एवढं सांगितलं आणि गेली.

मयताच्या घरी चूल पेटत न्हाय. चहा शेजाऱ्यानं न्यायचा. समोरचं घर माझं, किटली मलाच न्यावी लागली.

सगळ्यांना दिला. विनूनं पण हात पुढं केला.

"मावशी, मला जरा गरम बघून दे."

मी किटली त्याच्या हातावर ओतली.

मग मात्र गल्लीला वाचा फुटली. "मयताच्या घरात असं करतंय का कोण? लाज हाय का बाईला?"

डॉक्टरांच्या तपासणीत तिच्या बरगड्या आधीच मोडून जुळलेल्या निघाल्या. तेव्हा कुठं केस झाली. विनू आता जामिनावर बाहेर हाय. येईल जाईल त्याच्या पायाला हात लावतो. लोक म्हणतात, गरीब गाय हाय पोरगं.

साक्षीला विचारलं तर गल्लीचं एकच उत्तर. माग चालू हुते, काय ऐकलं न्हाय.

ग्रुपमधल्या बायका म्हणतात, "जाऊ दे गं. पाय घसरला म्हणून आक्काच सांगून गेली. तिची पण तीच इच्छा."

सरकारी वकील म्हणाले, "बाई, तुम्ही त्याला मारलेलं, भाजलेलं, सगळं कोर्टात निघणार."

निघू दे. मीच सांगणार हाय.

उद्या कोर्टात माझी साक्ष हाय.

सुलाक्का, तुला हे आवडणार न्हाय. तू असतीस तर कोर्टात बी पोराला पाठीशी घालून माझ्या अंगावर आली असतीस. तुझं ऐकायचं तर मला गप बसायला पायजे.

एकदा ऐकलं तुझं. निघून आले तुझ्या घरातनं.

आता न्हाय ऐकणार. तुझ्या लेकराला आत घालायला चालले मी. तुला मर म्हणाले ते बी सांगणार.

फुलं लावून श्रद्धांजली ग्रुपवर सगळ्यांनी टाकलीय. माझ्याकडनं तेवढी साक्ष धर.

राग आला तर येऊ दे. जा आक्का.