टाकीखालचं पिल्लू आणि आप्पांचा उजवा हात

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला जांभई येते. कामोठ्यात दहावी-बारावीला फिजिक्स शिकवते मी. कुणी ‘अनुभव’ सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न - झोप नीट झाली होती का?

तर... एप्रिलमधली सकाळ, साडेनऊची वेळ. माझे वडील, आप्पा, हॉलमधल्या कॉटवर. अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झालेले. वाचा गेली, उजवा हात चादरीवर नुसता पडून. कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभी हयात, वरून खालचं न दिसणाऱ्या क्रेनवाल्याला खालून हातानं सिग्नल देण्यात घालवलेला माणूस! तो हातच गेल्यावर आप्पांनी जगण्यातून मन काढून घेतलं. आठवडाभर घास तोंडात घेत नव्हते. मी चिडायचे, ओरडायचे, मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

ते बघायचे फक्त ससाण्याचं घरटं. समोरच्या टॉवरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखालच्या कठड्यावर एक जोडी पिल्लू वाढवत होती. सोसायटीतल्या देसाईकाकांनी तिथे कॅमेरा बसवून लिंक ग्रुपवर टाकलेली. आमच्या टीव्हीवर दिवसभर तेच... पारव्याचे लचके तोडून भरवणारी आई, आ वासलेलं पिल्लू, मागे तळोज्याकडचं धुरकट आभाळ. बघता बघता माझेही डोळे मिटायचे.

त्या दिवशी पिल्लू टोकाजवळ घुटमळत होतं. इतक्यात काकांचा फोन. ते खाली पार्किंगमध्ये दुर्बीण घेऊन उभे.

“अगं उडालं! उडालं ते!”

“काहीतरीच काय काका, टीव्हीवर दिसतंय की समोर-”

आणि आप्पांचा उजवा हात उठला.

पंजा उघडा - थांब. पिल्लू थांबलं. मग बोटं हळूच आत वळली - ये, पुढे ये. पिल्लू एक पाऊल पुढे. रस्त्यावरचे हॉर्न कुठेतरी लांब गेल्यासारखे वाटले... मग तर्जनी वर, गोल गोल - उचल.

“आस्ते... आस्ते...” आप्पा बोलले! आणि पिल्लू उडालं.

फोनवर काकांचं “हॅलो, हॅलो” चालूच होतं.

कॅमेऱ्याचं चित्र अर्धा मिनिट उशिरा येतं, एवढं मला कळतं. म्हणजे हात उठला तेव्हा पिल्लू कधीच उडून गेलं होतं. मग दर वेळी हात आधी आणि पिल्लू नंतर, हे कसं? आणि चार महिन्यांत ज्याचं बोटसुद्धा हललं नव्हतं, तो हात उठलाच कसा? डॉक्टर म्हणाले, “होतं असं कधीकधी.” होतं काय, कप्पाळ!

शेवटी आप्पांनाच विचारलं. शब्द जुळवत, दम खात म्हणाले, “त्याला खालचा दिसत नवता गो... कोनी तरी सांगाला नको?”

त्या दुपारी त्यांनी ताट स्वतःच ओढून घेतलं, डाव्या हातानं. आता रोज जेवतात, मीठ कमी पडलं की भांडतातसुद्धा. उजवा हात मात्र त्यानंतर एकदाही हललेला नाही.