आधी भूपाचं पान उघडा

पुंडलिक सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आदिलाबादच्या पुस्तकांच्या दुकानात, आणि ते चक्क गात होते. नांदेडहून संगीतशास्त्राच्या पुस्तकांचा गठ्ठा नुकताच आला होता. सर एकेक पुस्तक उचलायचे, भूप रागाचं पान काढायचे, तिथले स्वर हलक्या आवाजात गाऊन बघायचे आणि बहुतेक पुस्तकं होती तिथे ठेवून द्यायचे. दुकानदार वैतागून म्हणाला, "मास्टरजी, लेना है तो लीजिए, यहाँ महफिल मत जमाइए." सरांनी समेवर येऊनच मान वर केली.

मी उटनूरहून गाईड घ्यायला आले होते. संगीताच्या परीक्षेत माझं गाणं चांगलं झालं होतं, पण शास्त्राच्या पेपरानं दगा दिला होता. पास झाले असते तर शाळेत संगीत शिक्षिका होता आलं असतं. बाबांनी आणखी एकच संधी दिली होती. त्यानंतर पेटी बंद आणि टायपिंगचा क्लास सुरू. माझ्या हातातलं तयार उत्तरांचं गाईड पाहून सर म्हणाले, "काऊन वं पोरी, हे घेऊन राह्यली? आधी भूपाचं पान उघड. तुले जे येते ते पुस्तक बरोबर सांगते का पाय. त्यातच ते चुकलं, तं जे येत नाई त्यात त्याचा भरवसा कसा धरशीन?"

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त मंडळी त्यांच्या गायकीवर, शिस्तीवर लिहितीलच. मला त्यांचं पुस्तक निवडणं सांगायचं आहे, कारण माझं आयुष्य त्यावरच उभं आहे. नुसते आरोह-अवरोह देऊन मोकळं होणारं पुस्तक त्यांना चालत नाही. गावाचं नाव सांगून रस्ता न सांगणाऱ्या माणसासारखं ते त्यांना वाटतं. कुठल्या स्वरावर थांबायचं हे सांगणारं पुस्तक पातळ असलं तरी ते छातीशी धरतात. आणि कोमल स्वराखालची रेघ! स्वस्त छपाईत ती हमखास उडते. एका वर्षी अख्ख्या वर्गाच्या पुस्तकांत सरांनी स्वतः पेन्सिलीनं त्या रेघा मारून दिल्या, वर बोलणीही खाल्ली, कारण काही पालकांना वाटलं की मास्तरांनी नवी पुस्तकं खराब केली.

मी त्यांच्याकडे शिकू लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, नापास झालीस त्या पेपरात काय लिहिलं होतंस? मी सांगितलं, श्री रागात रिषभ शुद्ध, गंधार-निषाद कोमल. सर चमकले. आपल्या श्रीचा रिषभ, म्हणजे रे, कोमल आणि मध्यम तीव्र. "कोणत्या पुस्तकातून?" मी पुटपुटले, ते पुस्तक बाबांनी आणलं होतं.

आमचे आजोबा दुसऱ्याच्या कपाशीत राबले. घरात पहिलं अक्षर आलं ते बाबांबरोबर. उटनूरच्या कचेरीत कारकून झालेले बाबा प्रत्येक पुस्तकाला कव्हर घालायचे आणि आम्हाला पेन्सिलीचा ठिपकाही मारू द्यायचे नाहीत. बाजारात संगीताचं पुस्तक मिळालं ते तेलुगू, म्हणून मोठ्या कौतुकानं त्यांनी तेच माझ्यासाठी घेतलं होतं. त्यामुळेच मी नापास झाले, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

सर एका रविवारी उटनूरला आमच्या घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी ते पुस्तक मागितलं. "भाऊ, मले तेलुगू वाचता येत नाई. तुमी वाचा, मी गातो." पुस्तकात भूप नव्हता. भूपासारखा पाच स्वरांचा एखादा राग आहे का, म्हणून त्यांनी विचारलं. बाबांनी मोहनम् काढला आणि चष्मा सावरून वाचू लागले. शेवटच्या पानावर पेटीच्या पट्ट्यांचं चित्र होतं, त्यावर बोट ठेवून कोणता स्वर कोणता हे दोघांनी जुळवलं. सर गाऊ लागले आणि मध्येच आनंदानं ओरडले, "भाऊ, हा तं आपला भूप! पुस्तक खरं हाये तुमचं."

मग श्रीचं पान. बाबा वाचत गेले, सर गात गेले, सुरेख राग उभा राहिला. तो संपल्यावर सरांनी आपला श्री धरला. दिवस मावळत होता, त्याचीच वेळ होती. बाबा ऐकतच राहिले.

"नाव एकच, अन् राग अलग," बाबा हळूच म्हणाले.

"पुस्तक खोटं नाई, भाऊ. ते कर्नाटक संगीताच्या घरचं हाये. पोरीची परीक्षा आपल्या घरची हाये, येवढंच."

बाबांची मान खाली जाऊ न देता सरांनी माझी चूक दुरुस्त केली. त्या संध्याकाळी मला जे मिळालं ते पास झाल्यावरही मिळालं नाही. पास मात्र झाले. आज उटनूरच्या शाळेत भूप शिकवताना मी मोहनम्‌ही सांगते, तेव्हा तेलुगू घरातली मुलं खुदकन हसतात.

आता सरांच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. निवृत्त झालेले बाबा दर रविवारी आदिलाबादजवळच्या मावल्याला त्यांच्या घरी जातात आणि त्यांना पुस्तकं वाचून दाखवतात. दोन म्हातारे, एक वाचतो, एक गातो, आणि चहा कोणी करायचा यावर दर खेपेला भांडण. सत्कार समितीनं भेट काय हवी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "पुस्तक. अन् ते हिनंच निवडावं." गेल्या रविवारी मी निवडलेलं पुस्तक घेऊन गेले. पुन्हा परीक्षाच! भूपाच्या पानावर सर समाधानानं डोलले. मी सुटकेचा श्वास सोडते तोच बाबा श्रीच्या पानावर अडले.

"सर, इथं 'रे'च्या खाली रेघ नाई. श्रीचा रे कोमल ना?"

सरांनी खिशातली पेन्सिल काढून बाबांपुढे धरली. ज्या बाबांनी आम्हाला कधी पुस्तकात ठिपका मारू दिला नाही, त्यांनी ती घेतली आणि कोऱ्या करकरीत पानावर, अगदी जपून, रेघ ओढली.

"आता ठेवून घेतो हे पुस्तक," सर म्हणाले.

सर, त्या पुस्तकाची अजून बरीच पानं वाचायची आहेत. ती संपली की मी दुसरं आणीन, मग तिसरं. तुमचा आवाज असाच लागो, प्रकृती ठणठणीत राहो आणि माझ्या बाबांना दर रविवारी मावल्याला जायला कारण मिळत राहो.