मोहाचा पार

मोहाला दुसऱ्या वर्षी कुठेच फूल आलं नाही आणि पालवीही फुटली नाही, तेव्हा मोठ्या साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. टेबलावर कमिटीचा रिपोर्ट होता. कमिटीने झाडाचा पार एका बाजूने उकरून पाहिला होता. आतली माती चिंब ओली निघाली, मुळं काळी पडलेली. रिपोर्टात दोन शब्दांखाली लाल रेघ होती: अत्यधिक सिंचन. म्हणजे माळ्याने पाणी जास्त घातलं, आणि माळ्यांवर देखरेख वानखेडेची.

साहेबांनी विचारलं, "केळकरजी, वानखेडे ने चबूतरे पर कभी कोई आपत्ति की थी?"

चबूतरा म्हणजे पार, आणि हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. मी म्हणालो, "रिकॉर्ड पर कुछ नहीं है, सर."

वाक्य खरं होतं. त्याला वीस वर्षं होत आली. आता ते खोटं कसं होतं, ते लिहितो.

मी आर्किटेक्ट. जबलपूरच्या एका सरकारी खात्यात माझी नोकरी झाली. शहरातलं प्रदर्शनीचं मैदान नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. मैदान म्हणजे पत्र्याच्या शेड, धूळ आणि एका कोपऱ्यात वर्षभर पडून राहिलेल्या बल्ल्या, म्हणजे मांडवाचे लाकडी वासे. मला तिथे बारा महिने माणसं यायला हवी होती. सस्टेनेबल हा शब्द तेव्हा आमच्या ऑफिसात नवा होता. मी तो साध्या भाषेत समजावून सांगायचो: इमारतीने विजेवर कमी जगावं आणि तिच्यावर पडलेलं पाणी तिच्याच जमिनीत जावं. शेडच्या जागी उंच, मोकळे मंडप काढले. छतातून गरम हवा बाहेर पडायला फटी ठेवल्या. पावसाच्या पाण्यासाठी शोषखड्डे केले. मंडल्याकडचे गोंड चित्रकार बोलावून लांब भिंत त्यांच्या स्वाधीन केली. भेडाघाटच्या मूर्तिकारांकडे संगमरवराचे तुकडे वाया जातात, ते आणून फरशीत बसवले. हे सगळं चांगलं झालं. आजही चांगलं आहे.

मैदानाच्या मधोमध मोहाचं जुनं झाड होतं. इथे त्याला महुआ म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळी पानं गळून फांद्यांना नुसती फुलं लागायची आणि खाली पिवळट सडा पडायचा. माझी सगळी मांडणी त्या झाडाभोवती होती. त्याला मी पार बांधायचा ठरवला.

पार हा शब्द इथे कुणाला कळत नाही. हिंदीत पार म्हणजे पलीकडे. ड्रॉइंगवर मी सवयीने 'महुआ पार' लिहिलं, तर ठेकेदाराचा माणूस विचारत आला, "सर, महुआ के पार क्या बनाना है?" आम्ही दोघं हसलो. मी खोडून चबूतरा लिहिलं. पण खरं सांगायचं तर पारावर मीही कधी बसलेलो नव्हतो. आमचं घराणं इथे येऊन पाच-सहा पिढ्या झाल्या. पार मला वडिलांच्या बोलण्यातून माहीत. त्यांनाही तो त्यांच्या वडिलांच्या बोलण्यातून. ऐकलेली गोष्ट मी अडीच फूट उंच आणि वीस फूट रुंद काढली, आत मुरूम भरायचा, वर आणि बाजूच्या भिंतीला पांढऱ्या संगमरवराचा मोझॅक.

देवराव वानखेडे उद्यान शाखेत सुपरवायझर होता. त्याचे वडील विदर्भातून इथे कारखान्यात लागले होते, घर रांझी या उपनगरात. तो तिथून सायकलने यायचा. चौदा वर्षं दैनिक वेतनावर होता. म्हणजे काम रोजचं, पण नोकरी कधीच पक्की नाही. त्या वर्षी पक्कं करायच्या माणसांची लिस्ट निघाली होती आणि तिच्यात त्याचं नाव होतं. घरात लग्नाची मुलगी होती. पक्की नोकरी म्हणजे काय, हे त्याने मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

सगळ्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. माझी पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा बंगलोरला. दिवसभरात माझ्या तोंडून जे काही मराठी निघे ते दुपारी स्टोअरच्या व्हरांड्यात, वानखेडेपाशी. त्याची बायको अधूनमधून माझ्यासाठी वेगळा डबा द्यायची. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा असला की तो लांबूनच सांगायचा, "साहेब, आज मेसचा डबा गाईले टाका."

पाराचं ड्रॉइंग त्याने जीपच्या बॉनेटवर पसरून पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, हे काहून करून राहिले तुम्ही?"

मी म्हटलं, झाडाचा मान म्हणून.

"वडा-पिंपळाचं अलग आहे. ते भिंत फोडून बाहेर निघतात. मोहाच्या गळ्यापर्यंत माती भरून राहिले तुम्ही. तो श्वास कुठून घेईन?"

झाडाची जेवणारी मुळं खोल नसतात, हे मला त्याने शिकवलं. ती जमिनीच्या वरच्या फूट-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्याही पलीकडे पसरतात. त्यांना हवा लागते. वर अडीच फूट भराव घातला आणि त्यावर सिमेंट ओतलं, तर ती गुदमरतात. खोड जमिनीपाशी रुंद होतं, तो भाग मातीखाली गेला की कुजतो. झाड लगेच मरत नाही. साठवलेल्यावर वर्ष-दोन वर्षं काढतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. वानखेडेचं म्हणणं साधं होतं. जमीन आहे त्या पातळीला राहू द्या, भोवती पंधरा फूट काही घालू नका, बसायला लांब दगडी बाकं ठेवा.

मी म्हटलं, बाकं कुठेही असतात. पार इथे कुठेच नाही.

तो हसला. "झाडाले मोह म्हणतात साहेब, पण झालाय तो तुम्हाले."

दोन दिवसांनी तो कागद घेऊन आला. हिंदीत, आखीव पानावर, दोन प्रती. आपत्तीचे तीन मुद्दे लिहिले होते. त्याला तो आवकमध्ये द्यायचा होता. आवक म्हणजे जिथे कागदावर नंबर आणि शिक्का पडतो. नंबर पडला की कागद आहे असं धरतात. माझा मान ठेवायचा म्हणून आधी मला दाखवायला आला होता.

मी म्हणालो, "लेखी काहून देता, वानखेडे? आपण घरचे. तुम्ही सांगितलं, मी ऐकलं."

मी घरी 'कशाला' म्हणणारा माणूस. त्या दिवशी मुद्दाम 'काहून' म्हणालो.

मग त्याला समजावलं. लिस्ट वर गेली आहे, अशा वेळी आपत्ती घेणारा म्हणून नाव चर्चेत यायला नको. हे मला तेव्हा त्याच्या भल्याचं वाटत होतं. माझ्या भल्याचंही होतं, कारण उद्घाटनाची तारीख ठरली होती आणि नंबर पडलेला कागद आला की ड्रॉइंग पुन्हा वर पाठवावं लागतं.

त्याने कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. म्हणाला, "चलो, तुम्ही म्हणता तर. पण मंग भिंतीले खाली भोकं तरी ठेवा. पाणी निघून जाईन."

त्याला वीप होल म्हणतात. भिंतीत खाली लहान नळ्या ठेवायच्या, आत साचलेलं पाणी त्यांतून बाहेर येतं. मी हो म्हटलं. ड्रॉइंगवर पेन्सिलने खुणाही केल्या. नंतर नमुन्याचा तुकडा बांधून पाहिला, तर भोकांतून मुरमाचं तांबूस पाणी पांढऱ्या संगमरवरावर ओघळत होतं. फोटोत ते वाईट दिसलं असतं. मी खुणा रबराने पुसल्या. वानखेडेला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. आपल्या माणसाने हो म्हटलं होतं.

उद्घाटन झालं. लोक पारावर बसले, म्हातारे सकाळचे पेपर तिथे वाचू लागले. मला हरित रचनेसाठी एक ताम्रपट मिळाला. पहिल्या पावसाळ्यात बुंध्याभोवतीच्या फटीतून पाणी उतरून पार हौदासारखा भरला असणार. वरून काही दिसत नव्हतं. पुढच्या चैत्रात दक्षिणेकडच्या फांद्यांना फुलं आली नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी कुठेच नाहीत.

मग कमिटी, मग ती ओली माती, मग माझं वाक्य.

लिस्ट दोन वर्षं कुठेकुठे अडकून नेमकी त्याच महिन्यात मंजूर होऊन आली. वानखेडेचं नाव तिच्यातून काढलं होतं. त्याला महाराजपूरकडच्या एका नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरायला पाठवलं. ऑर्डर निघाली त्या दिवशी तो मला कॉरिडॉरमध्ये भेटला. खिशाला पेन होतं. मी त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "वानखेडे, मी बघतो काय करता येईल ते."

तो थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "जी सर. कोई बात नहीं."

इतक्या वर्षांत तो माझ्याशी हिंदीत कधी बोलला नव्हता. मी पुन्हा मराठीत काहीतरी म्हणालो. तो पुन्हा म्हणाला, "जी सर." आणि सायकल स्टँडकडे गेला.

मी काही बघितलं नाही. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं डबा टेबलावरच खाल्ला. मेलेलं झाड कापलं. पार मोकळा दिसायला लागला, म्हणून त्यावर कारखान्यातल्या भंगाराचं एक लोखंडी झाड बसवलं, सोलरच्या दिव्यांचं. त्याचं ड्रॉइंगही माझंच आहे.

आता घरी मी एकटा असतो. मुलगा फोनवर मराठी बोलतो, नातवाला कळतं, पण उत्तर तो हिंदीत देतो. कामाला येणाऱ्या दीदीशी हिंदी. असे दिवस जातात की माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द निघत नाही. तेव्हा वानखेडेचा आवाज ऐकू येतो असं मी म्हणणार नाही. येत नाही. येत नाही हेच आहे.

मागच्या वर्षी रांझीला गेलो. घर सापडलं. दार त्याच्या मुलीने उघडलं, ती आता पन्नाशीकडे आलेली. वानखेडेला जाऊन सहा वर्षं झाली होती. नोकरी शेवटपर्यंत कच्चीच राहिली. मी मराठीत बोलत होतो, ती समजून हिंदीत उत्तर देत होती. मी कोण ते सांगितलं. तिने ओळखलं. म्हणाली, "पाटोडी वाले साहब." आणि चहा ठेवायला आत गेली. बाबा माझ्याबद्दल काय म्हणायचे, हे मी विचारलं नाही. जे घडलं ते सगळं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अंकल, ये आप ऑफिस में लिखकर दे सकते हैं?"

मी लिहून दिलं. हिंदीत, दोन प्रती, पार माझा, भोकं मी पुसली, आपत्ती मी थांबवली, आतलं पाणी पावसाचं, माळ्याने घातलेलं नव्हतं. आवकच्या खिडकीत तरुण क्लार्कने जुनी फाईल कॉम्प्युटरवर शोधली. अर्ज दोनदा वाचला. मग नम्रपणे म्हणाला, "बाबूजी, रिकॉर्ड पर तो ऐसा कुछ है नहीं."

मी म्हटलं, म्हणूनच तर दिलाय. नंबर टाका.

त्याने टाकला. मी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला आणि ती रांझीला नेऊन दिली. पुढे काही होईल असं नाही.

नव्या आर्किटेक्टना दोन गोष्टी सांगतो. जुन्या झाडाच्या बुंध्याशी मातीचा एक इंचही चढवू नका. आणि तुमच्या हाताखालचा माणूस आपत्तीचा कागद घेऊन आला, तर त्याच्याशी घरच्या भाषेत बोलत बसू नका. आधी नंबर टाका.